दानाच्या पिशवीतून पाळकांचा पगार निघतो का?

मैत्रिणीबरोबर मराठी चर्चमध्ये गेलात, उपासनेत दानाची पिशवी फिरताना पाहिलीत आणि विचारलंत, की हे पैसे जातात कुठे? पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, पगार परदेशातूनच येत असेल ना? मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, नऊ वर्षं खजिनदार होतो, म्हणून उत्तर देतोय.

परदेशातून येत नाही. मिशनरी होते तेव्हा यायचा, आणि तो तेव्हाही सगळ्यांना गोड लागत नव्हता. ज्यांची भजनं आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो, त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती या मातीत रुजायची तर मिशनचा नोकर राहून ते व्हायचं नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन झालं. आमच्याकडे प्रत्येक मंडळी ठरलेला वाटा धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाकडे, पाठवते आणि तिथून पाळकसाहेबांचा पगार होतो. म्हणजे पिशवीतलेच पैसे, फक्त फिरून येतात. चार मंडळ्यांचा वाटा थकला की पगार रखडतो.

उपासना संपली की वेदीमागच्या खोलीत आम्ही दोघं मिळून दान मोजायचो, एकट्याने कधीच नाही. दशांशाची, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याची, पाकिटं वेगळी, सुटे पैसे वेगळे, मग वहीत दोघांच्या सह्या. शेतमजुरी करणाऱ्या बायांच्या घामाने मऊ पडलेल्या दहाच्या नोटा हाताला लगेच कळायच्या. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकच भोपळा पाचशेला घेऊन माणूस तो परत लिलावात ठेवतो, असं तीन-तीनदा. मंडळीचं वर्ष बरंचसं त्या दिवसावर चालतं.

पण तुम्ही जे विचारलं नाहीत, तेच मला जास्त सांगायचंय. घंटा वाजवणारे, बाकं पुसणारे, कबर खणायला उभे राहणारे आमचे सेवककाका दोन हजार रुपये ‘मानधना’वर होते. वाढीचा विषय काढला की कमिटीत ठरलेलं उत्तर यायचं: ही देवाची सेवा आहे, नोकरी नव्हे. त्याच बैठकीत नव्या साउंड सिस्टिमला पाऊण लाख मंजूर झाले. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हे बायबलमधलं वचन आम्ही वेदीवरून वाचतो आणि खाली येऊन तेच करतो. याची मला आजही लाज वाटते, कारण पहिली चार वर्षं त्या हिशेबावर माझीही सही होती.

प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्याला साधारणपणे वीस कामगार लागतात, ग्रॅच्युइटीला दहा. एका सेवकाची मंडळी यात बसत नाही, म्हणून सगळं कमिटीच्या मनावर राहतं. पाचव्या वर्षी मी वार्षिक सभेत काकांचा आकडा साउंड सिस्टिमच्या आकड्याशेजारी लिहून मोठ्याने वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं, “याच्यात त्याचं किराणा तरी भागतं का?” त्या सभेत सहा हजार ठरले, दर महिन्याच्या एक तारखेला, बँकेत.