पिल्लाचा रेट वेगळाच असतो, तो सांगताना भीड कशाला?

प्रश्न: मी घरोघरी जाऊन कुत्री-मांजरं सांभाळते. आता ओळखीतल्या एका जोडप्याने नऊ आठवड्यांचं पिल्लू आणलंय आणि दोघंही दिवसभर कामावर. मी मोठ्या कुत्र्याचाच रेट सांगितला, दिवसातून दोन व्हिजिट. पण गेलं की सगळीकडे शू-शी, पिल्लू रडून थकलेलं, मग अर्ध्या तासाचे दोन तास होतात. पैसे वाढवायचं काढलं तर म्हणतात एवढंसं तर आहे, त्याला काय लागतं. आता वीकेंडला रात्री राहा, सवयी पण तूच लाव, असं चालू झालंय आणि मेसेज रात्री उशिरापर्यंत येत राहतात. पिल्लाचा लळा लागलाय म्हणून सोडवत पण नाही. काय करू?

उत्तर: पैसे जनावराच्या आकाराचे नसतात हो, तुमच्या वेळेचे असतात, आणि पिल्लाला मोठ्या कुत्र्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. जितके महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास पिल्लू शू धरू शकतं, म्हणजे तुमचं हे दोन महिन्यांचं बाळ फार तर तीन तास, आणि खेळून-खाऊन झाल्यावर तर तेवढं पण नाही. त्यामुळे दिवसभरात दोन व्हिजिट हे गणितच मुळात चुकलंय, तिथे तुम्ही कितीही मन लावून काम केलं तरी पिल्लू घाणीत बसणारच. म्हणून रेटच्या आधी व्हिजिट किती ते ठरवा. दिवसाला चार तरी हव्यात, नाहीतर सरळ पूर्ण दिवसाचा रेट. या वयात खाणं तीन-चार वेळा असतं, खाल्ल्यावर थोड्या वेळात बाहेर न्यावं लागतं, मग पुसापुशी, थोडा खेळ, झोपवणं, हे सगळं आणि जाण्यायेण्याचा वेळ धरून एका व्हिजिटचे पैसे काढा. चार महिन्यांपर्यंत एक रेट, पुढे दात बदलून होईपर्यंत म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत थोडा कमी, मग मोठ्या कुत्र्याचा, असं सांगितलं तर लोकांना पटतं, कारण पुढे कमी होणार हे दिसत असतं. रात्रीचा रेट वेगळाच ठेवा. पिल्लू रात्री एक-दोनदा उठवतंच, ते जागरण आहे, नुसतं त्यांच्या घरी जाऊन झोपणं नाही.

सवयींचं म्हणाल तर त्यांनी जी जागा आणि जी पद्धत ठरवलीय तीच तुम्ही पाळायची, एवढं तुमचं काम. तुम्ही दिवसा एक शिकवणार आणि संध्याकाळी घरचे दुसरंच करणार, यात पिल्लूच गोंधळतं. ट्रेनिंग हे वेगळं काम आहे, येत असेल आणि करायचं असेल तरच घ्या, वेगळे पैसे लावून.

आता ज्यात अजिबात तडजोड करायची नाही ते सांगते. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. पिल्लांचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर अनोळखी कुत्री फिरतात अशा ठिकाणी न्यायला सांगितलं तरी नाही म्हणा. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, चपला-कपड्यांवरून जातो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरने मरत नाही, आणि तुम्ही तर चार घरं फिरता! म्हणून पिल्लाचं घर दिवसात पहिलं ठेवा, तिथल्या चपला वेगळ्या, हात साबणाने नीट धुवायचे. दुसऱ्या घरच्या कुत्र्याला उलट्या-जुलाब असतील तर त्या दिवशी पिल्लाकडे जायचंच नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवा. आणि पिल्लू सुस्त पडलं, खाईना, उलट्या-जुलाब लागले तर मालकांनी फोन उचलला नाही तरी मी डॉक्टरकडे नेणार आणि खर्च तुमचा, हे लेखी घ्या. अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबलात तर उशीर होऊ शकतो.

बोलायचं कसं? मेसेज करा, तोंडावर बोलताना भिडेपोटी आपण अर्धं गिळतो. असं लिहा: ‘ताई, पिल्लाला दर तीन तासांनी कोणीतरी लागतं, दोन व्हिजिटमध्ये त्याचे हाल होतायत. पुढच्या आठवड्यापासून चार व्हिजिट आणि हा रेट. प्रत्येक व्हिजिटनंतर फोटो पाठवीन, बाकी मेसेजना सकाळी उत्तर देईन, इमर्जन्सी असेल तर कधीही फोन करा.’ बस, माफी नको, लांबण नको. नाही म्हणाले तर दुपारी दोघांपैकी एकाला घरी येता येईल का ते विचारा, तेवढ्या व्हिजिट तुमच्या कमी होतील. ते पण नाही जमलं तर काम सोडा. लळा लागलाय हे मला कळतंय, पण तुम्ही कमी पैशात दोनदा जात राहिलात तर त्यांना वाटणार की सगळं ठीक चाललंय, आणि उरलेला दिवस पिल्लू एकटंच रडत बसणार.

प्रश्न: क्लायंट आदल्या रात्री कॅन्सल करतात, तारखा राखून ठेवलेल्या वाया जातात. पैसे मागावेत का?

उत्तर: मागावेत. बुकिंग करतानाच काही रक्कम ॲडव्हान्स घ्या आणि किती दिवस आधी कळवलं तर ती परत मिळेल ते त्याच मेसेजमध्ये लिहा. पिल्लू आजारी पडलं म्हणून कॅन्सल झालं तर मात्र तारीख पुढे ढकलून द्या, नाहीतर पैसे बुडतील म्हणून लोक आजार लपवतात.