रुळावर बसायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय. तिथे जवळच युलिश म्हणून गाव आहे, तिथला अणुकचरा ट्रकने दुसरीकडे नेणार म्हणून तिच्या वर्गातली पोरं रस्त्याला उभी राहतात आणि ही पण जाते. फोनवर म्हणते, "काही होत नाही गं आई, नुसते बोर्ड घेऊन उभे असतो." माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. 18 एप्रिल 2011 ला जैतापूरच्या आंदोलनात साखरी नाट्याला गोळीबार झाला, एक तरुण मच्छीमार गेला, तेव्हापासून आंदोलन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिला नको म्हणू का? आणि त्या कचऱ्याजवळ उभं राहून किरणोत्सर्गाचा त्रास होत नाही का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: नको म्हणू नका. पण कुठे उभी राहतेस, हे मात्र दर वेळी विचारा.

किरणोत्सर्गाचं आधी सांगते, कारण भीती सगळ्यांना त्याचीच जास्त वाटते आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला धोका त्याचा सगळ्यात कमी. या कचऱ्याच्या डब्यांना कॅस्टर म्हणतात, जाड ओतीव लोखंडाचे असतात, आणि नियम असा की गाडीपासून 2 मीटरवर तासाला 0.1 मिलिसिव्हर्टच्या (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप) वर जायचं नाही. आपण नुसतं जगताना जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला साधारण 2.4 मिलिसिव्हर्ट घेतच असतो, आणि ट्रक तर समोरून मिनिटभरात जातो. म्हणून विरोध करणारे उगाच ओरडतात असं मात्र नाही हं. 1998 ला या डब्यांवर बाहेरून मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सारी प्रदूषण सापडलं आणि तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँजेला मर्केल यांना वाहतूकच बंद करावी लागली होती. आणि युलिशचंच बघा, तिथली अणुभट्टी 1988 ला बंद झाली, इंधनाचे जवळपास 3 लाख गोळे 152 डब्यांत भरून ठेवलेत, साठवणुकीचं लायसन्स 2013 लाच संपलं, आणि आता 2025 च्या ऑगस्टमध्ये परवानगी दिली ती कुठे न्यायची तर आहाउसला, म्हणजे एका तात्पुरत्या गोदामातून दुसऱ्या तात्पुरत्या गोदामात. कायमची जागा अजून देशात कुठेच नाही. तुमची मुलगी बोर्ड घेऊन उभी राहते त्याला कारण आहे.

जीव जातो तो गाडीखाली. 7 नोव्हेंबर 2004. फ्रान्सच्या ला आगहून जर्मनीत गोर्लेबेनला कचऱ्याची ट्रेन निघाली होती, नान्सीजवळ आंदोलकांनी ती दोनेक तास अडवून धरली, मग सुटली. पुढे आव्रिकूर गावाजवळ एका वळणावर काही पोरं रुळावर आडवी झाली होती. त्यांचा हिशोब असा की ट्रेनच्या पुढे पोलिसांचं हेलिकॉप्टर असतं, ते आधी आपल्याला बघेल, ट्रेनला कळवेल, ट्रेन थांबेल. हेलिकॉप्टर तेव्हा इंधन भरायला गेलं होतं. ट्रेन ताशी 98 किलोमीटरने आली. बाकीचे कसेबसे बाजूला झाले, एक जण नाही होऊ शकला, विशी नुकतीच ओलांडलेला पोरगा होता. जर्मनीत मेन लाइनवर आधी सूचना देणारा सिग्नल मुख्य सिग्नलच्या साधारण 1000 मीटर अलीकडे असतो, म्हणजे थांबायला गाडीला केवढी जागा लागते बघा, आणि वळणावर ड्रायव्हरला दिसतं ते किती!

आता दुसरं सांगते, ते माझ्या डोळ्यासमोरचं. 2010 चा नोव्हेंबर, मी तेव्हा हॅम्बुर्गला शिकत होते, गोर्लेबेनला जाणारी अशीच कचऱ्याची ट्रेन अडवायला हार्लिंगेनजवळच्या जंगलात काही हजार माणसं रात्रभर रुळावर बसली होती आणि मी वर बांधावर उभी. खाली सगळीकडे गवत भरलेली पोती, सोनेरी-चंदेरी फॉइलची पांघरुणं, वारा आला की त्यांचा नुसता चुरचुर आवाज, आणि थंडी अशी की सूपचा कप हातात धरूनही बोटं वळत नव्हती. पहाटेपर्यंत पोलीस एकेकाला हातापायाला धरून उचलून नेत होते. पण ट्रेन मागे डालेनबुर्गला उभी करून ठेवलेली होती, पोलिसांना माहीत, रेल्वेला माहीत, सगळ्या जर्मनीला माहीत की पुढे माणसं बसलीत. आव्रिकूरला ते कुणालाच माहीत नव्हतं, फरक एवढाच, आणि एवढ्यावर जीव गेला. त्याच दिवशी त्याच जंगलात जे ट्रेन जाऊ नये म्हणून रुळाखालची खडी उपसायला गेले त्यांना लाठ्या आणि मिरचीचा स्प्रे खावा लागला, म्हणजे सगळं शांतच होतं असंही नाही.

युलिशचा माल ट्रकने जाणार, रस्त्याने, म्हणून रुळाचा प्रश्न कमी, पण रात्रीची वेळ, अंधार आणि जड गाड्यांचा ताफा. तेव्हा मुलीकडून कबूल करून घ्या की जाहीर केलेल्या, पोलिसांना कळवलेल्या सभेलाच जायचं, हायवेवर किंवा पुलाच्या कठड्यावर चढायचं नाही, स्वतःला साखळीने बांधायचं नाही, अंगात चमकणारं जॅकेट हवं. रेल्वेच्या वर बॅनर लावायला कुणी बोलावलं तर अजिबात नाही, वरच्या तारेत 15,000 व्होल्ट असतात आणि हात न लावताही शॉक बसतो. आणि तुमच्या पोटातला गोळा तिला सांगा, साखरी नाट्याचंही सांगा, तिला ते माहीत नसेल कदाचित.

प्रश्न: मी पण आखेनलाच आहे, स्टुडंट व्हिसावर. पोलिसांनी पकडलं तर परत पाठवतील का?
– एक विद्यार्थी

उत्तर: नुसतं सभेला गेल्यामुळे नाही. तिथला सभांचा कायदा परदेशी माणसालाही सभेला जायचा हक्क देतो. चेहरा झाकायचा नाही, हेल्मेट घालून जायचं नाही, रेसिडन्स कार्ड जवळ ठेवायचं. पोलिसांनी सभा संपली म्हणून जाहीर केलं की उठायचं. नाही उठलास तर दंडावर भागू शकतं, पण चिकटवून घेतलंस, बांधून घेतलंस किंवा उचलताना झटापट केलीस तर ते फौजदारीत जाऊ शकतं, आणि तिथे शिक्षा झाली की व्हिसा वाढवताना, पुढे नागरिकत्व घेताना ती फाइल उघडली जाते. कायदेशीर मदतीचा नंबर हातावर मार्करने लिहून जा, मोबाइल काढून घेतला तर हातावरचा नंबरच कामाला येतो.

आणि एक फार महत्त्वाचं. कोर्टाचं पत्र पिवळ्या पाकिटात येतं, पाकिटावर पोस्टमन तारीख लिहून जातो, आणि शिक्षेच्या आदेशाविरुद्ध हरकत घ्यायला त्या तारखेपासून फक्त दोन आठवडे मिळतात. तू त्या वेळी सुट्टीवर भारतात असलास तर आदेश कायम होऊ शकतो. घरी येताना लेटरबॉक्सची चावी कुणाकडे तरी देऊन ये.