प्लेसमेंट ७१ टक्के, सहाव्या महिन्यात २०

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. अर्थशास्त्रात बी.ए. झालंय. दोन वर्षांपासून एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रात मोबिलायझर आहे. गावोगाव फिरून मुलंमुली भरती करते. केंद्राचा प्लेसमेंटचा आकडा चांगला असतो, पण पुण्याला पाठवलेली बरीच मुलं दिवाळीपर्यंत गावात परत दिसतात. हे आकडे तपासून योजना सुधारण्याचं काम करिअर म्हणून करता येतं का? त्यासाठी ८० हजारांचा ऑनलाइन डेटा सायन्स कोर्स लावू का? घरी जुना लॅपटॉप आहे, तो चालेल का?

उत्तर : ते ८० हजार राहू द्या. तुम्हाला जे काम करायचंय त्याचा कच्चा माल तुमच्याच केंद्राच्या हजेरीपटात पडलाय.

तुम्हाला जे खटकतंय ते आकड्यात कसं लपतं बघा. समजा बॅचला ३० जण भरले. २४ शेवटपर्यंत टिकले, २१ पास झाले, १५ जणांना नियुक्तिपत्र मिळालं आणि सहाव्या महिन्यात ६ जण कामावर आहेत. १५ भागिले २१ केलं तर ७१ टक्के; ६ भागिले ३० केलं तर २०. खोटं कोणीच लिहिलेलं नाही, फक्त अंश-छेद निवडून घेतलेत. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्के जणांना काम मिळवून देण्याची अट घातली गेली. अट चुकीची नाही. पण मोजमाप जिथं होतं, केंद्राचा सगळा जोर तिथंच लागतो, आणि जो पोरगा तसाही कामाला लागला असता त्यालाच आधी भरती करायचा मोह होतो. भरतीचं काम तुमच्याकडे असल्यानं हा मोह तुम्हाला सांगायला नको.

आता कामाला लागा. मागच्या दोन बॅचची यादी घ्या, अर्धवट सोडून गेलेल्यांसकट. प्रत्येकाला पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात फोन. विचारायचं एवढंच : सध्या काम आहे का, कुठल्या गावी, खोलीभाडं आणि मेस वजा जाता हातात किती उरतात, सोडलं असेल तर कोणत्या तारखेला आणि का. ‘का’साठी आधीच पाच-सहा ठरावीक उत्तरं लिहून ठेवा : पगार, राहण्याची सोय, घरची अडचण, तब्येत, सांगितलं त्यापेक्षा काम वेगळं निघालं. नाहीतर ३० तऱ्हेची वाक्यं जमतील आणि मोजता काहीच येणार नाही. प्रत्येक रकान्यासमोर स्वतःला विचारा : हा आकडा वाढला तर केंद्र नेमकं काय बदलेल? पहिल्याच महिन्यात राहण्याच्या सोयीवरून परतणारे जास्त असतील तर पहिल्या पगारापर्यंतच्या खोलीभाड्याची तजवीज करावी लागेल. ‘काम वेगळं निघालं’ जास्त असेल तर पाठवण्याआधी एखाद्या पालकाला चाकणची किंवा बुटीबोरीची ती कंपनी दाखवून आणावी लागेल. रकान्याला असं उत्तर नसेल तर तो काढून टाका.

खरी गोची होते ती न लागणाऱ्या फोनांची. रिचार्ज संपतं, सिम बदलतं, नंबर मुळात भावाचा असतो. म्हणून भरतीच्या दिवशीच दोन नंबर घ्या, एक स्वतःचा आणि एक घरचा किंवा मामा-काकाचा. वेगवेगळ्या वेळी तीनदा लावा. वेचणीच्या दिवसांत दुपारी कोणी उचलणार नाही, संध्याकाळी सातनंतर लावा. तरीही न सापडलेल्यांना यादीतून गाळू नका. एकदा ते सगळे कामावर आहेत असं धरून टक्केवारी काढा, एकदा कोणीच नाही असं धरून, आणि अहवालात दोन्ही द्या. दोन टोकांत फार अंतर पडलं तर तुमचा आकडा अजून वापरण्याजोगा नाही, एवढं तरी कळतं.

दुसरा फसवा भाग हंगामाचा. पोरं बहुधा हाताला काम नसतं तेव्हा, मे-जूनमध्ये नाव नोंदवतात. सहा महिन्यांनी सोयाबीनची सोंगणी आटोपून कापसाची वेचणी सुरू असते, तेव्हा कोर्स न केलेल्याचीही कमाई वाढलेलीच असते. ‘आधी किती, नंतर किती’ एवढंच मांडलं तर वेचणीची मजुरी कोर्सच्या नावावर जमा होते. म्हणून तुलना पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. त्याहून चांगलं म्हणजे ३० जागांना ५० अर्ज आले तर चिठ्ठ्या टाकून निवड करायची आणि राहिलेल्या २० जणांनाही सहाव्या महिन्यात फोन करायचा; दोन्ही गटांत जो फरक दिसेल तो कोर्सचा. मात्र २० जणांत एक माणूस म्हणजे ५ टक्के. एका बॅचवरून निष्कर्ष काढू नका, जिल्ह्यातल्या अनेक बॅच एकत्र कराव्या लागतात.

अमेरिकेत १९८२ च्या रोजगार-प्रशिक्षण कायद्याखालच्या कार्यक्रमाची अशीच, सोडत काढून, तपासणी झाली. सुमारे २० हजार अर्जदार त्यात होते. प्रौढ स्त्रियांची कमाई वाढलेली आढळली, शाळेबाहेरच्या तरुण मुलग्यांना फायदा दिसला नाही, आणि पुढं तरुणांच्या भागाचा निधी कापला गेला. निधी कापणं बरोबर की कार्यक्रम बदलणं बरोबर, यावर वाद घालता येईल. माझं मत दुसऱ्या बाजूनं आहे.

हे सगळं सुरू करण्याआधी केंद्रप्रमुखांची लेखी परवानगी घ्या आणि फोनवर प्रत्येकाला कारण सांगून होकार घ्या. आधार, बँक खातं, जात यांचे रकाने तुमच्या फाइलमध्ये नकोतच. नावांऐवजी क्रमांक वापरा, नावांची यादी केंद्रातच राहू द्या.

शिकायचं काय? एक्सेलमधलं पिव्होट टेबल (मोठ्या यादीची गटवार बेरीज करून देणारा तक्ता), नमुना निवडीचं प्राथमिक गणित, मोबाइलवरून सर्वेक्षणासाठी कोबो टूलबॉक्स आणि विश्लेषणासाठी ‘आर’ हे सॉफ्टवेअर. शेवटची दोन्ही फुकट मिळतात. सरावाला केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल सर्वेक्षणाची मूळ नोंदींची फाइल उतरवून घ्या, तीही फुकट आहे. पुढं पदवी घ्यायची झाली तर पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघा.

नोकऱ्या ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, सामाजिक संस्थांत आणि सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सींत असतात. जाहिरातीत ‘एम अँड ई’ (देखरेख आणि मूल्यमापन) किंवा ‘एमआयएस’ (माहिती व्यवस्थापन प्रणाली) लिहिलेलं दिसेल. बऱ्याच कंत्राटी असतात, हे धरूनच चाला. कायम सरकारी नोकरी हवी असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या भरतीवर लक्ष ठेवा, पण पात्रतेत कोणते विषय मागितलेत ते जाहिरातीत शब्दन् शब्द वाचा. मुलाखतीला जाताना तुमच्या दोन बॅचचा चार पानी अहवाल सोबत न्या.

लॅपटॉप जुना असला तरी आठ जीबी रॅम असेल तर भागेल. चारच असेल तर नवीन घेण्याआधी दुकानात रॅम वाढवता येते का ते विचारा.