ग्रेट डेनसारखी मोठी कुत्री इतकी कमी का जगतात? पिल्लू घेतोय, त्याची हाडं मजबूत व्हायला काय खायला घालू?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. आधी त्याचंच उत्तर देते: वरून काहीही घालू नका. कॅल्शियमचं सिरप तर मुळीच नको.

मी प्राणिशास्त्र शिकवते. माहेर कोल्हापूरचं, घर एकत्र, आणि धाकटे चुलते, म्हणजे तात्या, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. आमच्याकडे ग्रेट डेनचं पिल्लू आलं, बाजी नाव ठेवलं, आणि पहिल्या दिवसापासून तात्यांनी त्याचा ताबा घेतला. त्यांच्या लेखी तो नवा मल्लच होता. पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात अंडी, दुपारी मटण, आणि ब्रीडरने सांगितलेलं कॅल्शियमचं सिरप दोन्ही वेळा. "मोठ्या हाडाचं जनावर आहे, खुराक बी तसाच लागणार." मी म्हणत होते की हे उलटं आहे, मोठ्या जातीच्या पिल्लाला हात आखडूनच घालायचं असतं. ऐकतो कोण. घरात मी पुस्तकं वाचलेली पोरगी, आणि तात्या जन्मभर जनावरं पाळलेले.

पाचव्या महिन्यात बाजीच्या पुढच्या पायांचे सांधे, आपलं मनगट असतं तिथले, जाडजूड झाले. पंजे बाहेरच्या बाजूला वळले. बसलेला उठताना आधी मागचा भाग उचलायचा, मग पुढचा एकेक पाय चाचपत सरळ करायचा, आणि उभा राहिला की वजन कुठल्या पायावर टाकावं ते त्याला कळायचं नाही. डॉक्टरांनी सांधा दाबून बघितला, एक्स-रे काढला आणि सिरप त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. पुढे कित्येक दिवस पहाटेच्या दुधातून ते बाजीच्या पोटात जातच होतं, हे मला बाटली रिकामी सापडली तेव्हा कळलं. त्यावरून आमच्यात जे वाजलं ते आजतागायत पुरतं मिटलेलं नाही.

आता कारण सांगते. वाढीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोनच्या रूपाने निघतो, पण प्रत्यक्ष काम बरंचसं दुसराच रेणू करतो. १९५७ साली सॅमन आणि डॉगडे या दोघांनी उंदरांच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांच्या लवचीक मऊ भागावर, प्रयोग केले. कूर्चेच्या तुकड्यावर नुसतं ग्रोथ हॉर्मोन टाकलं तर फारसं काही घडेना. पण ग्रोथ हॉर्मोन टोचलेल्या उंदराच्या रक्तातला द्रव टाकला की कूर्चा कामाला लागायची. म्हणजे मध्ये कुणीतरी होतं. तेच आज आपण आयजीएफ-१ म्हणून ओळखतो: ७० अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, रचना इन्सुलिनच्या जवळची. रक्तातलं आयजीएफ-१ मुख्यतः यकृतात तयार होतं, पण हाडं आणि स्नायू आपल्यापुरतं जागेवरही बनवतात. पेशीला ते सांगतं: वाढ, दुभंग, आणि इतक्यात मरू नकोस. पोटात अन्न नसेल तर त्याची पातळी उतरते, भरपूर असेल तर चढते. खुराकाचा आणि वाढीच्या वेगाचा संबंध इथे येतो.

कुत्र्यांचा आकार कशावर ठरतो हे शोधताना २००७ मध्ये याच जनुकापाशी येऊन संशोधक थांबले. चिमुकल्या जातींमध्ये आयजीएफ-१ च्या जनुकाचा एकच ठरावीक प्रकार जवळपास सगळीकडे सापडला, आणि ग्रेट डेनसारख्या राक्षसी जातींमध्ये तो जवळपास नव्हताच. २०२२ मध्ये कळलं की लहान करणारा तो बदल माणसाने घडवलेला नाही. सायबेरियातल्या ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही तो होता. सगळ्या जातींमधल्या आकाराच्या फरकातला साधारण १५ टक्के वाटा या एका जनुकाचा धरतात. एका जनुकाच्या मानाने हे प्रचंड आहे. शिवाय ग्रेट डेनच्या पिल्लात ग्रोथ हॉर्मोन कित्येक महिने चढंच राहतं. बीगल या बऱ्याच लहान जातीच्या पिल्लात ते काही आठवड्यांत खाली येतं. म्हणजे तुमच्या पिल्लाला 'वाढ, वाढ' हा निरोप आधीच कानठळ्या बसतील इतक्या जोरात मिळतोय. त्यात खुराकाची भर घालायची गरज काय? आणि कॅल्शियमचं म्हणाल तर एवढ्या लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवताच येत नाही. जितकं जास्त द्याल तितकं जास्त आत जातं आणि हाडांची घडण बिघडवतं. हे ग्रेट डेनच्या पिल्लांवरच तपासून झालेलं आहे.

आयुष्याचं म्हणाल तर हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण एकाच प्रजातीच्या प्राण्यांत, जसं कुत्र्या-कुत्र्यांत, गणित फिरतं. कुत्र्याचं वजन दर दोन किलोंनी वाढलं की आयुष्य साधारण महिन्याने घटतं, आणि त्याचं कारण मोठी कुत्री म्हातारी भराभर होतात हे आहे. प्रयोगशाळेतल्या ज्या उंदरांना ग्रोथ हॉर्मोन आणि आयजीएफ-१ कमी असतं, ते ठेंगणे उंदीरही आपल्या धिप्पाड भावंडांपेक्षा बरेच जास्त जगतात.

माणसातलं उदाहरण इक्वेडोरमधल्या लोखा प्रांतातलं आहे. तिथे लॅरॉन सिंड्रोमची कुटुंबं राहतात. त्यांच्यात ग्रोथ हॉर्मोन भरपूर असतं, पण ते पकडणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर)च बिघडलेला, म्हणून आयजीएफ-१ नगण्य. उंची चार फुटांच्या आतबाहेर. हाइमे गेवारा-अगीरे या डॉक्टरांनी त्यांना बावीस वर्षं पाहिलं. सुमारे शंभर जणांत कॅन्सर एकालाच, तोही जीवघेणा नाही, आणि मधुमेह कुणालाच नाही. त्यांच्याच धडधाकट नातेवाइकांत कॅन्सर १७ टक्के. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे काय आता बुटकं व्हायचं?" नाही तात्या. आडमाप अंग म्हणजे निरोगी अंग हे डोक्यातून काढायचं, एवढंच म्हणते.

बाजी सातवं वर्ष पुरं करायच्या आत गेला. पुढच्या पायाच्या हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातींमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो, आणि बहुतेक वेळा पायाच्या लांब हाडांतच. घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात तात्या अजून सांगतात, "त्याला हितली हवा मानवली न्हाई." हवेचा काही संबंध नव्हता. एका पाहणीत लॅब्राडोरच्या काही वेतांतल्या पिल्लांपैकी निम्म्यांना जन्मभर पाव हिस्सा कमी खायला घातलं. ती आपल्या भावंडांपेक्षा जवळपास दोन वर्षं जास्त जगली. तात्यांच्या खुराकाला माझं हे उत्तर आहे.

कॅल्शियममुळे कॅन्सर झाला असं मात्र मी म्हणत नाही, तात्यांनाही कधी म्हटलेलं नाही. पाय फेंगडे झाले त्याचा दोष सिरपचा आणि अति खाण्याचा. कॅन्सर जातीच्या अंगातच होता. लॅरॉनची माणसंही इतरांपेक्षा जास्त जगत नाहीत. ती अपघातांनी आणि इतर कारणांनी जातात. मोठ्या कुत्र्यांच्या अल्पायुष्याचं सगळं खापर एकट्या आयजीएफ-१ वर फोडता येणार नाही, हृदयाचे आजारही त्यांना फार.

पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच खाणं द्या, मोजून, दिवसातून तीन-चार वेळा विभागून. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. घरी शिजवून घालणार असाल तर कॅल्शियमचं माप डॉक्टरांकडूनच घ्या, कारण नुसत्या मांस-भातात ते कमीही पडतं. आणि मोठा झाल्यावर कधी त्याचं पोट अचानक टम्म फुगलं, उलटीचे उमाळे येऊन बाहेर काहीच पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन त्याने काही तासांत जातात. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.