बेस्ट लॅपवरून कोणता ड्रायव्हर फास्ट ते कळतं का?

तुम्ही विचारलंय की ल माँला (फ्रान्समधली २४ तासांची कार रेस) एकाच गाडीतल्या तिघांची तुलना करताना बेस्ट लॅप, म्हणजे ट्रॅकची सगळ्यात फास्ट एक फेरी, बघायचा की स्टिंटची, म्हणजे एका ड्रायव्हरच्या सलग पाळीची, सरासरी. बेस्ट लॅप सोडून द्या. २०२४ ला फेरारी ३११ लॅपनंतर टोयोटाच्या फक्त १४.२२१ सेकंद पुढे होती, म्हणजे लॅपमागे सेकंदाचा विसावा हिस्साही नाही. तिथे एका लॅपचं काय घेऊन बसायचं?

हे मी पोटतिडकीनं लिहितेय कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. काही वर्षांपूर्वी इथे गोव्यातच एका ट्रॅकवर दोन तासांची कार्टिंग एन्ड्युरन्स होती. मी, माझा मामेभाऊ (आमचा दादा) आणि म्हापशाची एक मैत्रीण, तिघांची टीम, एकच कार्ट, प्रत्येकी ४० मिनिटं. पहिला स्टिंट माझा, भर दुपारी तीनला, ट्रॅकवर बारा कार्ट, हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरतोय. शेवटचा दादाचा, ऊन उतरलेलं आणि तोवर निम्मी कार्ट बंद पडलेली. त्याचा बेस्ट ४६.८, माझा ४७.५. झालं, फास्टेस्ट लॅपचा कप त्याला, फोटो त्याचा, आणि तेव्हापासून दर चतुर्थीला फोंड्याला सगळे जमले की मामी पाहुण्यांना सांगते की गाडी खरी आमच्या बाबूनंच पळवली.

पण टायमिंगचा कागद माझ्याकडे आहे. ४० मिनिटांत माझे ५० लॅप, त्याचे ४८. हेअरपिनला, म्हणजे एकदम उलटं नेणाऱ्या वळणावर, तो तीनदा स्पिन झाला, कार्ट गरकन फिरली, त्यातला एक लॅप ७१ सेकंदांचा. माझे बहुतेक सगळे लॅप ४७.६ ते ४८.४ च्या आत. दुसरे आलो ते या दोन लॅपांच्या जोरावर, तिसरी टीम आमच्या एकच लॅप मागे होती.

तर तुमचं उत्तर. इन लॅप, आउट लॅप (पिटमध्ये येतानाचा आणि तिथून निघाल्यावरचा) काढा, सेफ्टी कारचे (अपघातानंतर सगळे तिच्यामागे हळू चालतात) काढा, स्लो झोनचे काढा (ट्रॅकच्या त्या भागात ताशी ८० किलोमीटरच्या वर जाताच येत नाही). उरलेल्यांची सरासरी घ्या, आणि लॅप एकमेकांपासून किती पांगलेत तेही बघा. रात्रीचा स्टिंट दुपारच्या स्टिंटशी लावू नका, गार हवेत इंजिनही चांगलं चालतं आणि टायरही कमी तापतात. टाकी भरलेली की रिकामी, टायर नवे की दुसऱ्या स्टिंटचे, हेपण जुळलं पाहिजे. मात्र ड्रायव्हरची स्वतःची चूक कधीच काढू नका, स्पिन झाला तर तो त्याच्याच हिशोबात.

हां, टीमनं इंधन वाचवायला सांगितलं असेल तर ड्रायव्हर मुद्दाम हळू जातो, ते नुसत्या आकड्यांत दिसत नाही. आणि एक गोष्ट मान्य करते, दादाचं वजन माझ्यापेक्षा वीसेक किलोनं जास्त आणि त्या दिवशी कुणी वजनं लावून बरोबरी केली नव्हती. कार्टमध्ये त्यानं नक्की फरक पडतो. पण स्पिन काही वजनामुळे झाले नाहीत.

तो थर्मल कागद इथल्या दमट हवेत पुसत चाललाय, म्हणून फोटो काढून ठेवलाय. या चतुर्थीला प्रिंट घेऊन फोंड्याला जाणार आहे, मामीसमोर पन्नासच्या पन्नास ओळी वाचणार.