विचारा बडोद्याला: राजवाडा आधी बाहेरून बघा

प्रश्न: दिवाळीनंतर आईला (वय ७५) घेऊन बडोद्याला यायचा बेत आहे. लक्ष्मी विलास पॅलेसचं क्षेत्रफळ तीन कोटी चौरस फूट, बकिंगहॅम पॅलेसच्या कितीतरी पट, असा मेसेज फिरतोय. खरं का हो? आणि एवढ्या जागेत आईला नेमकं काय दाखवावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तो मेसेज आमच्या दांडिया बाजारात घरोघरी पोचलाय आणि प्रत्येकाची छाती फुगलीय. पण आकडा नीट बघा: ३,०४,९२,००० चौरस फूट. एका एकराचे ४३,५६० चौरस फूट, भागाकार करा, बरोब्बर ७०० एकर येतात. म्हणजे हे इमारतीचं नाही, जुन्या सगळ्या आवाराचं माप. बाग, झाडी, गोल्फ, मोतीबागेचं क्रिकेटचं मैदान, सगळं त्यात आलं. बकिंगहॅमचा आकडा मात्र नुसत्या मजल्यांचा धरलाय. इकडे शेतासकट घर मोजायचं आणि तिकडे फक्त खोल्या! वाडा मोठा आहेच, त्याला असल्या हिशेबाची गरज नाही.

तुम्ही नाशिकचे, म्हणून आईंना हे आधी सांगा: वाडा बांधणारे सयाजीराव तुमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक आले, १८७८ ला बांधकाम सुरू झालं तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे. आराखडा मेजर चार्ल्स मांटचा. तो १८८१ मध्ये वारला, मग रॉबर्ट चिझमने १८९० पर्यंत काम तडीस नेलं. नाव पडलं ते पहिल्या महाराणींवरून, तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या चिमणाबाई. त्या १८८५ लाच गेल्या. पुरा झालेला वाडा त्यांना बघायला मिळाला नाही.

आता बघायचं कसं. तिकीट काढलं की माणसं थेट दरबार हॉलकडे पळतात. तुम्ही पळू नका. आधी हिरवळीच्या बाजूने लांबून बघा, कारण दाराशी गेलात की एकच टोक दिसतं. लांबून कळतं की घुमट, झरोके, कमानी, मनोरे या टोकापासून त्या टोकापर्यंत बदलत जातात. एकच माप सगळीकडे चिकटवलेलं नाही. बाग आखली ती लंडनच्या क्यू गार्डन्समधून आलेल्या विल्यम गोल्डरिंगने. बाग काढून घेतली तर वाडा निम्मा उरेल असं माझं प्रामाणिक मत आहे. वानरं भरपूर आहेत, खाऊ पिशवीतच ठेवा.

मग आत. दरबार हॉलमध्ये मान वर करून रंगीत बेल्जियन काचा सगळेच बघतात, आईंना खाली बघायला सांगा. व्हेनिसच्या धर्तीची मोझाइक फरशी आहे, बारीक बारीक तुकड्यांची. राजघराणं अजून इथेच राहतं, त्यामुळे सगळी दालनं उघडी नसतात. याच आवारात फत्तेसिंग म्युझियम आहे, पूर्वीची राजपुत्रांची शाळा. मुलांना तिथे न्यायला छोटी आगगाडी होती! तिथे चित्रकार राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत; सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्यांना चौदा पौराणिक चित्रं काढायला सांगितली होती. वेळ कमी पडला तर दुसरं काही गाळा, रविवर्मा गाळू नका. आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, १४०५ ची, वाड्याहून पावणेपाचशे वर्षांनी थोरली. तिथे जाता येईल का ते तिकीटखिडकीवरच विचारा, आणि आईंना पायऱ्या उतरवू नका. सोमवार टाळा, बंद असतं.

प्रश्न: कमाटी बाग म्हणजे राजवाड्याचीच बाग ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: नाही. ती सयाजीबाग, विश्वामित्रीच्या काठची, १८७९ ची. सयाजीरावांची आठवण असली तरी लोकांसाठी केलेली. तिथल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आणि ममी आहे, मुलं खूश होतात. नदीत मगरी आहेत, पुलावरूनच बघा.