चवथीला ड्युटी लागली तर?

"चवथीला सुट्टी मागितली तर नोकरी जाईल का?" चवथ म्हणजे गोव्यातली गणेशचतुर्थी. पावसाळा निम्मा सरला की इथल्या पर्वरी-म्हापसा पट्ट्यातल्या शोरूममध्ये काम करणारी मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. नोकरीच्या भीतीमागे बहुतेक वेळा घरच्यांचा रुसवा असतो.

त्यांच्यातलीच एक, डिचोलीकडची (ओळख पटेल असे तपशील बदललेत). कपड्यांच्या दुकानात सेल्सला. लागोपाठ दोन वर्षं चवथीच्या पहिल्याच दिवशी ड्युटी. मूळ घरी सगळं कुटुंब जमलेलं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, आणि ही पर्यटकांना साईज शोधून देतेय. गणपती दीड दिवसाचा, त्यातला एक दिवस दुकानातच गेला. वर आई फोनवर म्हणाली, "तुझ्यावाचून काही अडलं नाही हो." ते वाक्य तिच्या मनातून जाईना. नोकरी सोडायच्या विचारानंच ती आली होती.

"नेमकं काय बोचतं?" मी विचारलं. बराच वेळ गप्प बसली, मग भडाभडा बोलली. ड्युटीची यादी दोन दिवस आधी लागते. सुपरवायझरची स्वतःची सुट्टी मात्र कधी चुकत नाही. आणि हिला उत्तर काय, तर "तुझं लग्न कुठं झालंय, तुला कसली घाई?" अविवाहित मुलीला जणू घरच नसतं! सणाला काम करण्यापेक्षा गृहीत धरलं जाणं तिला जास्त लागलं होतं.

माझं मत विचाराल तर इस्पितळ आणि कदंब बस (गोव्याची सरकारी बस) सणालाही चालायलाच हवी. शर्ट परवा घेतला तरी चालतो. चवथीच्या पहिल्या दिवशी गावातली कितीतरी दुकानं बंद असतात, त्यानं कुणाचं अडत नाही. ज्याला जादा पैशांसाठी स्वखुशीनं थांबायचंय त्यानं थांबावं. गोव्यात दुकानांसाठी 1973 चा कायदा आहे, आठवड्याची सुट्टी त्यात आहे. ती सणाच्या आठवड्यात परस्पर उडवली जात असेल तर कामगार खात्यात विचारता येतं.

तिला मात्र भांडायचं नव्हतं. म्हणून नेमणूकपत्र वाचून आम्ही अर्जाचा मसुदा केला. ख्रिस्ती सहकारीण चवथीला तिच्या जागी उभी राहणार, नाताळला ही तिच्या. दोघींनी जुलैमध्येच सही करून मॅनेजरला दिला. आधी तिच्या डोक्यात ओडिशाच्या मुलाचं नाव होतं, "त्याचं घर लांब आहे, तो कुठं जाणार?" मी म्हटलं, तुम्हाला लग्नावरून ऐकवलं ते आणि हे, यात फरक काय? तिनं ते नाव सोडून दिलं.

आईशी बोलणं जास्त अवघड गेलं. "मला यायचंच होतं, रडू येत होतं" एवढं सांगायला तिला दोन आठवडे लागले. आईला वाटत होतं, पोरीला आता घरचं काही वाटत नाही.

यंदा पहिला दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी लागल्यानं विसर्जन हुकलं. नोकरी तिनं सोडलेली नाही. पुढच्या वर्षीची यादी महिनाभर आधी लावावी म्हणून बाकीच्यांना घेऊन मॅनेजरकडे जायचं ठरवतेय. काही जण अजून कचरतात.